गोकाक: धबधब्यामागची गिरणी

बेळगावकडची मंडळी पावसाळ्यात गोकाकला जातात ती धबधबा बघायला. माझा पेशा इंजिनिअरचा, त्यामुळे माझी नजर आधी गिरणीकडे जाते.

घटप्रभा इथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. साधा हिशेब मांडून बघा. सेकंदाला एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं, तर वाया जाणारा भाग न वजा करता सुमारे ५१० किलोवॅट शक्ती मिळते. मुलुख कापसाचा, कोळशाच्या खाणी मात्र कुठल्या कुठं. मग सूतगिरणी पाण्याजवळ आली यात नवल काय? १८८५ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या नावात ‘वॉटर पॉवर’ आधी आणि ‘मॅन्युफॅक्चरिंग’ नंतर होतं. १८८७ मध्ये गिरणी सुरू झाली.

काठावर चालुक्य शैलीचं महालिंगेश्वर मंदिर आहे, नदीवर झुलता पूल आहे आणि धबधब्याच्या पायथ्याशी जुनं वीजघर. मंदिराला आपण वारसा म्हणतो, पुलावर फोटो काढतो, वीजघराकडे मात्र कुणी बघत नाही. माझं म्हणणं एवढंच की ही तिन्ही एकाच नदीची कामं आहेत. जतनाच्या यादीत वीजघर आलं नाही, तर गोकाकचा इतिहास अर्धाच उरेल.