मुखवटा कोणाचा, यादी कोणाची?

डिसेंबर १९७९च्या 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या ४६६व्या अंकात पॉल लेव्हिट्झ यांनी लिहिलेली एक छोटी कथा आहे. कथेतला काळ १९५१चा. महायुद्धात देशासाठी लढलेल्या 'जस्टिस सोसायटी'च्या नायकांना अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीपुढे उभे केले जाते आणि देशनिष्ठा सिद्ध करायची असेल तर मुखवटे उतरवा, असे बजावले जाते. नायक मुखवटे उतरवत नाहीत, समितीशी दोन हातही करत नाहीत. ते सार्वजनिक जीवनातून निघून जातात.

या कथेच्या मुळाशी प्रकाशनव्यवहारातली एक साधी घटना होती. 'ऑल स्टार कॉमिक्स'मधून हा नायकसंघ १९५१ सालीच नाहीसा झाला होता आणि त्याची जागा काउबॉयच्या कथांनी घेतली होती. सुपरहिरोंची लोकप्रियता ओसरली होती, एवढेच त्याचे कारण. अठ्ठावीस वर्षांनंतर लेव्हिट्झ यांनी त्या अदृश्य होण्याला राजकीय कारण जोडले. ते पटण्याजोगे होते. प्रतिनिधिगृहाच्या 'अन-अमेरिकन ॲक्टिव्हिटीज' समितीने १९४७ साली हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांची चौकशी केली होती, आणि उत्तरे नाकारणाऱ्या दहा जणांना पुढे तुरुंगवास भोगावा लागला होता. सुपरहिरोंच्या नोंदणीची कल्पना अशी प्रत्यक्ष इतिहासातून कथेत आली आहे. तिचा पुढचा प्रवास पाहू लागलो, की एक गोष्ट लक्षात येते. 'नोंदणी' या एकाच शब्दाखाली या कथांनी दोन अगदी भिन्न प्रश्न हाताळले आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की कथेचा नैतिक तोल ढळतो.

पहिला प्रश्न 'एक्स-मेन'चा. ख्रिस क्लेरमाँट आणि जॉन बर्न यांची 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' ही कथा १९८१च्या आरंभी, १४१ व १४२ या अंकांत आली. सिनेटर रॉबर्ट केली यांच्या हत्येनंतर म्यूटंटांविरुद्ध कायदे होतात आणि २०१३ सालच्या कल्पित अमेरिकेत माणसांच्या कपड्यांवर अक्षरे येतात: सामान्य माणसासाठी 'एच', म्यूटंट संतती होण्याची शक्यता असलेल्यासाठी 'ए', म्यूटंटासाठी 'एम'. उरलेले म्यूटंट छावणीत असतात. त्याच वर्षी १५०व्या अंकात क्लेरमाँट यांनी मॅग्नेटो हा आउशविट्झमधून वाचलेला माणूस असल्याचे सूचित केले. यादी, मग खूण, मग छावणी हा क्रम त्यांना कल्पनेने रचावा लागला नव्हता. १९९२ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने हाच प्रश्न घरात आणला. तिच्या पहिल्याच कथेत जुबिली या किशोरवयीन मुलीची नोंदणी तिचे पालक करून टाकतात, आणि त्या नोंदीच्या आधाराने सेंटिनेल यंत्रमानव तिच्या मागावर येतात. पालकांच्या मनात दुष्टावा नाही, काळजी आहे. म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. येथे माणसाची नोंद होते ती त्याच्या जन्मामुळे. त्याच्या हातून काही घडलेले असो वा नसो.

दुसरा प्रश्न ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन'चा (१९८६-८७). या कथेत १९७७ साली पोलिसांच्या संपानंतर 'कीन कायदा' होतो आणि मुखवटे घालून गुन्हेगारांना शासन करणे बेकायदेशीर ठरते. या मुखवट्यांखाली जन्माने वेगळी ठरलेली माणसे नाहीत. डॉ. मॅनहॅटनचा अपवाद वगळला तर ती सामान्य माणसेच आहेत. त्यांनी कोणाच्याही संमतीवाचून दंडशक्ती हाती घेतली आहे. त्यांना जाब विचारण्याचा अधिकार समाजाला नाही, असे म्हणणे अवघड आहे. मूर यांची तीक्ष्ण नजर मात्र कायद्यातल्या पळवाटेवर आहे: डॉ. मॅनहॅटन आणि कॉमेडियन सरकारच्या सेवेत असल्याने त्यांना मोकळीक मिळते. राज्यसंस्था मुखवटे नष्ट करत नाही, आपल्या उपयोगाचे तेवढे ठेवून घेते.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आले होते. शपथबद्ध गुप्त संघटनांनी आपल्या सभासदांची यादी सरकारकडे द्यावी, असा कायदा न्यूयॉर्क राज्याने १९२३ साली केला. त्याचा रोख कू क्लक्स क्लॅनवर होता. १९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९५८ साली त्याच न्यायालयापुढे अलाबामा राज्याचे प्रकरण आले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संस्थेने आपल्या सभासदांची नावे द्यावीत, अशी त्या राज्याची मागणी होती. न्यायालयाने ती एकमताने फेटाळली. नावे उघड झाली की लोकांच्या नोकऱ्या जातात, धमक्या येतात, हल्ले होतात, हे संस्थेने दाखवून दिले होते. १९२८चा निकाल येथे लागू का होत नाही, हे सांगताना न्यायालयाने क्लॅनच्या हिंसक व बेकायदेशीर कारवायांकडे बोट दाखवले. मागणी एकच, यादीची; पण ती कोणाची आणि तिच्यामुळे कोणावर काय ओढवते, यावर निकाल फिरला.

मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांच्या 'सिव्हिल वॉर'ची (२००६-०७) कोंडी या प्रकाशात उलगडते. स्टॅमफर्ड शहरात काही तरुण नायक दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी खलनायकांवर चालून जातात. त्यात झालेल्या स्फोटात शाळकरी मुलांसह शेकडो लोक मरतात. मग नोंदणी कायदा येतो: खरे नाव सांगा, प्रशिक्षण घ्या, सरकारी सेवेत या. हा 'वॉचमेन'चा प्रश्न झाला, आणि आयर्न मॅनची बाजू येथे रास्त वाटते. पण नकार देणाऱ्यांना खटल्यावाचून एका परक्या मितीतील तुरुंगात डांबले जाते, आणि कॅप्टन अमेरिका बोलतो ती भाषा 'एक्स-मेन'ची, छळाला विरोध करणाऱ्याची आहे. दोघे दोन वेगळ्या कायद्यांबद्दल भांडत आहेत. शेवटी त्याला आवरतात ते अग्निशामक दलाचे आणि रुग्णवाहिकेचे साधे कर्मचारी. सभोवतालचा विध्वंस पाहून तो शरण जातो. या कथामालेतला सर्वांत खरा प्रसंग आम्हाला हाच वाटतो. स्पायडरमॅन जाहीरपणे मुखवटा उतरवतो, तेव्हा त्याची किंमतही त्याला एकट्याला मोजावी लागत नाही. पुढे गोळी लागते ती वृद्ध मे काकूंना.

ही कथामाला छापली जात असताना खरी यादीही अस्तित्वात होती. २००२ साली अमेरिकी सरकारने पंचवीस देशांतून आलेल्या, सोळा वर्षांवरील परकीय पुरुषांसाठी विशेष नोंदणी सुरू केली. उत्तर कोरिया वगळता हे सारे देश मुस्लिमबहुल होते. बोटांचे ठसे, छायाचित्र आणि जबानी देण्यासाठी ऐंशी हजारांहून अधिक माणसे स्वतःहून कार्यालयांत गेली. त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक जणांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. २०११मध्ये ही नोंदणी थांबली आणि तिचे नियम डिसेंबर २०१६मध्ये रद्द झाले. 'सिव्हिल वॉर'ने त्या काळाची अस्वस्थता नेमकी पकडली; पण यादीत नाव लागणाऱ्याच्या जागी मात्र तिने बलाढ्य नायकाला बसवले. रांगेत उभा असलेला माणूस कथेत आलाच नाही.

तो माणूस २०१९ साली डेमन लिंडेलॉफ यांच्या 'वॉचमेन' मालिकेत आला. मालिका सुरू होते तीच १९२१च्या टल्सामधील कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाने. तिच्यातल्या टल्सात एका नव्या कायद्यामुळे पोलीसच मुखवटे घालतात. तो कायदा पुढे रेटणारा सिनेटर 'कीन कायद्या'च्या जनकाचा मुलगा असतो, आणि वंशवादी टोळीचा छुपा म्होरकाही. सहाव्या भागात आपल्याला पहिल्या मुखवटाधारी नायकाची ओळख पटते: तो १९३८च्या न्यूयॉर्कमधला एक कृष्णवर्णीय पोलीस आहे. त्याचे गोरे सहकारीच त्याला फासावर लटकवून, मरण्यापूर्वी खाली उतरवतात. तो फासाचा दोर आणि डोक्यावर चढवलेली पिशवी यांतूनच त्याचा वेष घडतो. डोळ्यांभोवती तो पांढरा रंग लावतो, कारण गोरा समजला गेला तरच त्याचा न्याय लोकांना न्याय वाटणार असतो.

सत्ता ज्याच्या हाती आहे त्याचा मुखवटा आणि सत्ता ज्याच्यावर चालून येते त्याचा मुखवटा, हे दोन्ही या मालिकेत शेजारीशेजारी दिसतात. पहिला उतरवायला लावणे ही लोकशाहीची गरज आहे; दुसरा उतरवायला लावणे हा त्या माणसाचा घात ठरतो. या कथा वर्गात शिकवताना 'तुम्ही कोणाच्या बाजूचे?' हा प्रश्न आम्ही आता आधी विचारत नाही. यादी तयार झाल्यावर ती कोणाच्या हाती जाते आणि दार कोणाचे ठोठावले जाते, एवढे विद्यार्थ्यांनी शोधले, की १९५१च्या त्या समितीपुढून निघून गेलेल्या नायकांचे मौनही त्यांना वाचता येऊ लागते.