धक्का, पाणी आणि माती : तिघरा ते कच्छ

मुरार ही ग्वाल्हेरची जुनी लष्करी छावणी. या शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी संस्थानाने सांक नदीवर तिघरा येथे दगडी धरण बांधले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते फुटले. पाणी भिंतीवरून वाहिलेच. शिवाय पायातील वालुकाश्माच्या थरांत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने भिंतीचे मोठे भाग जागचे सरकले. अशा पायाची परीक्षा घेणारे मृदा-यांत्रिकी हे शास्त्र त्या वेळी आकाराला आले नव्हते. कार्ल तेर्झागी यांचा पायाभूत ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. जमिनीवरील भार मातीचे कण आणि छिद्रांतील पाणी वाटून घेतात. पाण्यावरील दाब वाढला की कणांची पकड सैल होते, हे त्यांनी दाखविले.

हा विचार स्थिर भारापुरता होता. क्षणार्धात येणाऱ्या धक्क्याचे काय? बाँबहल्ल्यात पनामा कालव्याचे काठ टिकतील का, या प्रश्नातून १९४० च्या दशकात आर्थर कॅसाग्रांदे व विल्यम शॅनन यांनी हार्वर्ड विद्यापीठात मातीवर झटपट भार देऊन चाचण्या घेतल्या. भार वेगाने आला की चिकणमातीची ताकद वाढते. वाळूत हा फरक थोडाच दिसतो, असे आढळले.

भूकंपाचा धक्का मात्र पुनःपुन्हा येतो. १९६४ साली जपानमधील नीगाता येथे भूकंपात इमारती न मोडता नुसत्या कलंडल्या, कारण खालची ओली वाळू पातळ झाली होती. बर्कलेचे हॅरी सीड व केनेथ ली यांनी १९६६ साली याचे प्रयोगशाळेत स्पष्टीकरण केले. रबरी आवरणातील ओल्या वाळूच्या नमुन्यावर त्यांनी उलटसुलट भार दिला. पाण्याला बाहेर पडण्यास वाव नसल्याने प्रत्येक आवर्तनागणिक छिद्रांतील दाब वाढत गेला आणि अखेर वाळू द्रवासारखी वागू लागली. यालाच द्रवीकरण म्हणतात.

भारतात रुडकी येथे भूकंप अभियांत्रिकीचे शिक्षण व संशोधन १९६० मध्ये सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दख्खनची जमीन अचल असल्याचा समज मोडला. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये चांग या मातीच्या धरणाखालील गाळ द्रवीभूत झाला व धरण जवळजवळ कोसळले. दुष्काळामुळे त्या भागातील जलाशयांत पाणी कमी होते, म्हणूनच पुराचे संकट टळले. ८४ वर्षांपूर्वी तिघऱ्याला ही सवलत मिळाली नव्हती. दोन्ही ठिकाणी दोष पायातील पाण्याच्या दाबाचा होता. फरक इतकाच, की २००१ पर्यंत तो आधी मोजण्याची साधने प्रयोगशाळेत उपलब्ध झाली होती.