सोळा जागांचा वाद

१९५१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातली महाविद्यालयांमधली जातवार वाटणी रद्द केली. त्याच वर्षी संसदेने घटनादुरुस्ती करून मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीची वाट मोकळी केली. अमेरिकेत अशी दुरुस्ती झाली नाही. तिथल्या वादाचे मूळ मला त्यात दिसते.

कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखीव होत्या. दोनदा प्रवेश नाकारलेल्या ॲलन बाकी या गोऱ्या अर्जदाराने दावा लावला. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या. वंश हा इतर बाबींपैकी एक म्हणून मात्र विचारात घेता येईल, असे ठरले. न्यायमूर्ती पॉवेल यांना समाजातल्या जुन्या अन्यायाची भरपाई हे कारण पुरेसे वाटले नाही. विद्यार्थ्यांमधली विविधता हे वाटले. कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी गुलामगिरीची आठवण करून दिली, पण ती त्यांच्या निकालपत्रापुरतीच राहिली.

२००३ साली मिशिगनच्या खटल्यात हा विचार टिकला. २५ वर्षांनी त्याची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा न्यायमूर्ती ओकॉनर यांनी व्यक्त केली होती. पण वीसच वर्षांनी, २०२३ साली, हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत न्यायालयाने तो अवैध ठरवला. मला वाटते, जुने देणे मान्य करण्याऐवजी केवळ विविधतेचा आधार घेतला, म्हणून ही इमारत इतक्या लवकर कोसळली.