नारळीकर, जयंत विष्णु
नारळीकर, जयंत विष्णु : (१९ जुलै १९३८ – २० मे २०२५). भारतीय खगोलभौतिकीविज्ञ व मराठी विज्ञानकथाकार. जन्म कोल्हापूर येथे. वडील विष्णु वासुदेव हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. त्याच विद्यापीठातून पदवी घेऊन जयंतराव १९५७ मध्ये केंब्रिजला गेले. तेथील त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉईल हे स्वतः विज्ञानकादंबरीकार होते. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये, म्हणून कथा पत्नी मंगला यांनी लिहून काढली. तिला प्रथम पारितोषिक मिळाले. शास्त्रज्ञाची कीर्ती बाजूस ठेवून केवळ कथेच्या गुणांवर मिळालेली ही मान्यता होती.

यक्षांची देणगी (१९७९) ह्या पहिल्या संग्रहास महाराष्ट्र राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. विज्ञानातील एखादे तत्त्व घेऊन त्याची संभाव्य परिणती परिचित मराठी परिसरात दाखविणे, ही त्यांची रीत. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेत एक इतिहासकार, १७६१ च्या युद्धात मराठे विजयी झालेल्या पर्यायी जगात जाऊन पोहोचतो. प्रेषित, वामन परत न आला, व्हायरस ह्या कादंबऱ्यांत परग्रहावरील जीव, लुप्त प्रगत संस्कृती आणि संगणक हे विषय येतात. त्यांच्या लेखनात व्यक्तिचित्रण कल्पनेच्या मानाने दुय्यम राहते; तथापि भाषा सोपी व तर्क काटेकोर असतो. अंधश्रद्धेस विरोध व वैज्ञानिक दृष्टीचा प्रसार हे त्यामागील सूत्र होय.

चमत्कृतीपूर्ण व परभाषेतून आलेल्या गोष्टी मराठीत पूर्वीही होत्या. परंतु विज्ञानकथेस वाङ्‌मयीन प्रतिष्ठा मिळवून देण्यात नारळीकरांचा वाटा मोठा आहे. चार नगरांतले माझे विश्व ह्या आत्मचरित्रास साहित्य अकादेमीचा पुरस्कार (२०१४) मिळाला. नासिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (२०२१) ते अध्यक्ष होते. टोपणनावाने स्पर्धेत उतरलेल्या लेखकास सत्तेचाळीस वर्षांनी हे पद लाभले. पुणे येथे त्यांचे निधन झाले.