जालन्याहून गेलेले मनोरुग्णालय

महाराष्ट्र शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : नागपूर, पुणे, ठाणे आणि रत्नागिरी. नकाशावर ही ठिकाणे मांडली की मराठवाडा तेवढा मोकळा राहतो. मी मुखेडचा. आमच्याकडून येरवडा गाठायचे म्हणजे अख्खी रात्र. हैदराबाद त्याहून पुष्कळ जवळ. ‘मराठवाडा मागास, इथे पहिल्यापासून काही नव्हतेच’ हे उत्तर आपल्या अंगवळणी पडले आहे. या बाबतीत ते खोटे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनोरुग्णांना राजधानीतील तुरुंगाच्या आवारात ठेवले जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही व्यवस्था जालन्याला हलवण्यात आली. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग तेव्हा नवा होता. जालना, परभणी, नांदेड आणि राजधानी एका रुळावर आली होती. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ संस्थानचे मनोरुग्णालय मराठी मुलखात होते.

संस्थानचा कारभार उर्दूतून चाले. उर्दूतील ‘मजनून’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा जुना अर्थ जिन्नाने पछाडलेला. मराठीने फार वेगळे काही केले नाही. आपल्याकडे वेड ‘लागते’, जशी दृष्ट लागते, भूत लागते. क्रियापदातच निदान आहे : जे झाले ते बाहेरून आले. गंमत अशी की आयुर्वेदाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आणि त्यांतील चार शरीरातील दोषांच्या बिघाडातून उद्भवतात असे मानले. पाचवा तेवढा आगंतू. गावाने मात्र नेमका पाचवाच उचलला.

जालन्याचे रुग्णालय उभे राहत होते त्याच्या आगेमागे युरोपात या आजारांना नवी नावे मिळत होती. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८९९ मध्ये आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत गंभीर मनोविकारांची दोन मोठी कुळे वेगळी केली. त्याची पद्धत मला इतिहासकाराची वाटते. रुग्णाची आजची अवस्था पाहून तो थांबत नसे. वर्षानुवर्षांची टिपणे जमवून आजाराचा प्रवास कसा झाला, हे तो तपासत असे.

पहिल्या कुळात आजार येतो आणि ओसरतो. माणसाला आठवडाच्या आठवडा झोपेची गरज वाटत नाही, बोलणे आवरत नाही, विचार धावत सुटतात, ऐपतीबाहेरचे व्यवहार होतात, आपल्याला अशक्य काहीच नाही असे वाटू लागते. कधीतरी तोच माणूस अंथरूण सोडत नाही. भूक मरते, जुन्या चुका उगाळल्या जातात, जगणे ओझे होते, मरणाचे विचार येतात. मधल्या काळात तो पूर्ववत पेरणीला जातो, दुकानात बसतो. आज यांना भावावस्थेचे विकार म्हणतात. उन्माद आणि नैराश्य अशी दोन्ही टोके असली तर द्विध्रुवीय विकार, केवळ खालचे टोक असले तर नैराश्य.

दुसरे कूळ बहुधा तरुणपणी उगवते. जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात. ते शिव्या देतात, हुकूम सोडतात. लोक आपल्यावर पाळत ठेवतात, अन्नात काही कालवतात, अशी खात्री होते आणि ती कोणत्याही पुराव्याने हलत नाही. बोलण्याचा सांधा निखळतो. आरडाओरड घरच्यांच्या ध्यानात येते; अंघोळ टाळणे, मित्र सोडणे, चेहरा कोरा पडणे ही तितकीच महत्त्वाची लक्षणे ‘आळशी झाला’ म्हणून निकालात निघतात. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये या आजाराला ‘स्किझोफ्रेनिया’ म्हटले; मराठीत छिन्नमनस्कता. छिन्न होते ते विचार, भावना आणि वर्तन यांचे परस्परांशी असलेले नाते. एका देहात दोन माणसे नांदतात ही चित्रपटांची कल्पना. तिचा या आजाराशी संबंध नाही. शेवट ऱ्हासातच होतो, हे क्रेपेलिनचे मत ब्लॉयलर यांनी मानले नाही आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत ब्लॉयलर बरोबर ठरले.

कारणांविषयी थोडे. छिन्नमनस्कता साधारणपणे शंभरात एकाला होते. आईला किंवा वडिलांना असेल तर अपत्यांत हे प्रमाण दहात एकाच्या आसपास जाते. म्हणजे अनुवंश आहेच. परंतु एकाच बीजाच्या जुळ्यांतही एकाला आजार झाला म्हणून दुसऱ्याला तो होतोच असे नाही. गर्भावस्थेतील वा प्रसूतीतील गुंतागुंत, बालपणीचे आघात, कोवळ्या वयातील गांजा, दीर्घ ताण या सर्वांचा वाटा असतो. क्रेपेलिनची दोन कुळेही मुळाशी अगदी विभक्त राहिलेली नाहीत. त्यांचे आनुवंशिक धागे एकमेकांत गुंतलेले आढळतात.

जालन्यातील त्या बहुतेक काळात या आजारांवर नेमके औषध जगात कुठेच नव्हते. मग काही वर्षांतच चित्र पालटले. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम वापरून पाहिले. त्याच वर्षी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील सर्पगंधेच्या परिणामाविषयी इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच ही मुळी उन्मादावरही गुणकारी असल्याचे नोंदवले होते. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला. रेसर्पिन पुढे मागे पडले, कारण ते घेणाऱ्या काहींना खोल नैराश्य येत असे. पण नैराश्यात मेंदूतील रसायनांचा हात असावा, या तर्काला बळ मिळाले ते या दुष्परिणामामुळेच.

१९५३ मध्ये जालन्याचे मनोरुग्णालय हैदराबादेतील एर्रागड्डा येथे हलले. औषधे दारात आली आणि दार उचलून नेले गेले.

यात मराठवाड्याविरुद्ध कट होता असे मी म्हणणार नाही. तेव्हा राज्य एकच होते. राजधानीत रुग्णालय नेणे ही प्रशासकीय सोय. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, आणि जी हलवाहलव होती ती सरहद्द झाली. आपल्या बाजूने भरपाई करण्याची निकड पुढे कोणालाच वाटली नाही, हा माझा खरा आक्षेप आहे. जालन्यात पुन्हा प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली ती २०२२ मध्ये.

आज बहुतेक रुग्णांना अशा मोठ्या आवाराची गरज नसते, हेही खरे. नांदेड, लातूर, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. अडते ते त्याआधीच्या टप्प्यावर.

आमच्या गल्लीत एक मुलगा होता, दहावीला वर्गात पहिला. अकरावीत त्याला भिंतीपलीकडून बोलणे ऐकू येऊ लागले. दोन वर्षे गंडेदोरे, अमावास्या, दूरदूरची देवस्थाने यांत गेली. त्यानंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून नांदेड. आता तो घरच्या किराणा दुकानात हिशेब पाहतो. हा धागा लिहिण्याआधी त्याच्या आईशी बोललो. त्या म्हणाल्या, “लागलं होतं रे त्याला, उतरलं.” बोलता बोलता त्यांनी घड्याळ पाहिले, उठल्या आणि रात्रीची गोळी पाण्यासह त्याच्या हातावर ठेवली.