‘पोक काढू नकोस, सरळ बस’ : हा हुकूम अर्धा मिनिटच का टिकतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून काढलाय. बोलण्याचा बाज मुद्दामच तसाच ठेवलाय.

“पोक काढू नकोस, सरळ बस.” हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. आई म्हणते, शाळेत बाई म्हणतात, आजोबा तर पाठीत हलकी थाप मारून म्हणतात. आपण लगेच छाती पुढे काढून ताठ होतो. अर्धा मिनिट. मग कधी पुन्हा पोक निघतं, आपल्यालाही कळत नाही. आत्ता हे वाचताना तुमची मान कुठे आहे, जरा बघा. सरळ करू नका हं, नुसतं बघा.

आता प्रश्न असा. सरळ बसावं हे आपल्याला कळतं, पटतं, तशी इच्छाही असते. मग शरीर ऐकत का नाही? आपण आळशी आहोत म्हणून? निश्चय कमी पडतो म्हणून?

साधारण सव्वाशे वर्षांपूर्वीपासून पाश्चात्त्य जगात काही माणसं या प्रश्नाच्या मागे लागली. त्यातल्या तिघांची गोष्ट आज सांगायची आहे. एकाचा आवाज गेला होता, एकीचं फुफ्फुस आजारी होतं आणि एकाचा गुडघा निकामी व्हायला आला होता. तिघांनी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वाटांनी जे शोधलं, त्या परंपरेला पुढे थॉमस हॅना या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७६ मध्ये ‘सोमॅटिक्स’ असं नाव दिलं. ‘सोमा’ म्हणजे ग्रीक भाषेत शरीर. पण हॅनाला म्हणायचं होतं ते बाहेरून दिसणारं शरीर नव्हे, तर आतून जाणवणारं शरीर.

आरशासमोर उभा राहिलेला नट

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडरचा जन्म १८६९ चा, ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरचा. शेक्सपिअरचे उतारे रंगमंचावर म्हणून दाखवणं हा त्याचा पेशा. पण प्रयोग सुरू झाला की आवाज बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाला विश्रांती दे. त्यानं दिली. आवाज परत आला आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा बसला.

इथे अलेक्झांडरनं एक साधा तर्क केला. एरवी बोलताना आवाज बसत नाही, रंगमंचावरच बसतो. म्हणजे मीच तिथे काहीतरी वेगळं करत असणार. ते काय, हे बघायला तो आरशासमोर उभा राहून उतारे म्हणू लागला. आधी एक आरसा, मग आजूबाजूला आणखी दोन. दिसलं ते असं : बोलायला सुरुवात करताच डोकं मागे खेचलं जातंय, घशाची पेटी खाली दाबली जातेय, तोंडानं आवाज करत हवा ओढली जातेय.

चूक सापडली म्हटल्यावर ती सुधारायची, एवढंच उरलं होतं. डोकं मागे जातंय तर पुढे घ्यायचं. त्यानं तसं केलं, आणि आपण बरोबर केलं याची त्याला खात्रीही होती. पण आरशात बघतो तर डोकं पुढे जायच्या ऐवजी मागेच जात होतं!

अख्ख्या गोष्टीचा कणा हाच आहे. ‘मी बरोबर करतोय’ असं ज्या जाणिवेनं आपण ठरवतो, ती जाणीवच सवयीनं बिघडलेली असू शकते. खात्री करून घ्यायची असेल तर आत्ता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा. कुठला अंगठा वर आहे? आता सगळी बोटं एकेक घर सरकवून दुसरा अंगठा वर येईल अशी गुंफा. कसंतरीच वाटतं ना? त्यात चूक काहीच नाही, फक्त सवयीचं नाही. पण आपल्याला मात्र ते चुकल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षं पोक काढून बसणाऱ्याला सरळ बसणं असंच ‘चुकीचं’ वाटतं. म्हणून ‘सरळ बस’ म्हटल्यावर तो सरळ होत नाही. सवयीच्या वाकण्यावर नुसता ताण चढवतो.

यावर अलेक्झांडरचा उपाय थोडा उलटा होता. आधी थांबायचं. बोलायची उबळ येते त्या क्षणी लगेच बोलायचं नाही, जुनी सवय सुरूच होऊ द्यायची नाही, मग नव्या दिशेचा विचार करायचा. १९०४ मध्ये तो लंडनला गेला आणि हेच शिकवू लागला. विद्यार्थी खुर्चीतून उठतोय, बसतोय आणि शिक्षकाचा हलका हात त्याच्या मानेवर, पाठीवर. जॉर्ज बर्नार्ड शॉ आणि आल्डस हक्सली त्याच्याकडे शिकले. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनीही त्याचे धडे घेतले आणि त्याच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. सवय नुसत्या इच्छेनं बदलत नाही, कारण इच्छा पार पाडायचं साधन म्हणजे सवयच, हा मुद्दा ड्यूईंनी १९२२ च्या आपल्या पुस्तकात मांडला. तिथे उदाहरण घेतलं होतं ते ताठ उभं राहू पाहणाऱ्या माणसाचंच.

एक गोष्ट लपवायला नको. अलेक्झांडरच्या १९१० च्या पहिल्या पुस्तकात ‘रानटी’ आणि ‘सुधारलेले’ अशी माणसांची उतरंडही आहे. त्या काळच्या युरोपीय वर्चस्वाचा माज त्यात स्पष्ट दिसतो. आपल्या मानेची सवय आरशात पाहणाऱ्या माणसाला मनाची ही सवय दिसली नाही.

बर्लिनमधली एक खोली

दुसरी गोष्ट बर्लिनची. एल्झा गिंडलरचा जन्म १८८५ चा, कामगारवर्गातल्या घरात. ती जिम्नॅस्टिक शिकवायची. तरुणपणीच तिला क्षयरोग झाला. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. ज्यांना परवडे ते डोंगरातल्या सॅनेटोरियममध्ये जात, आणि तिला ते परवडणारं नव्हतं. तिच्या विद्यार्थिनी पुढे सांगत राहिल्या त्यानुसार ती रोजच्या प्रत्येक कामात आपल्या श्वासाकडे बारीक लक्ष देऊ लागली. आजारी बाजूला विश्रांती मिळेल, निरोगी बाजू काम करेल, असा श्वास शोधू लागली. ती बरी झाली. नेमकी कशानं बरी झाली, हे एका माणसाच्या गोष्टीवरून सिद्ध होत नाही, आणि कोणी यावरून क्षयाची औषधं बंद करू नका! पण या अनुभवानं तिचं शिकवणं मात्र बदललं.

तिच्या वर्गात ठरलेले व्यायाम उरले नाहीत. उठणं, बसणं, उभं राहणं, श्वास घेणं, हेच विषय. १९२६ मध्ये तिनं नोकरीधंद्यात दमलेल्या माणसांविषयी एक लेख लिहिला. त्यात ती म्हणते की अमुक हालचाली शिकवणं हा आपला हेतू नाही, एकाग्रता साधणं हा आहे. ‘असं कर’ असं सांगण्याऐवजी ती विचारायची : काय जाणवतंय?

हा प्रश्न साधा वाटतो, पण तो कुठे आणि कधी विचारला जात होता ते बघा. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. मैदानांवर हजारो तरुण एका हुकुमावर, एका तालात, एकसारखे हात उंचावत होते. सगळ्या देशाच्या शरीरानं एकाच माणसाचं ऐकावं अशी व्यवस्था होती. त्याच शहरात एका खोलीत एक बाई लोकांना आपल्या स्वतःच्या शरीराचं ऐकायला शिकवत होती. आणि हे नुसतं प्रतीक नव्हतं. युद्धाच्या वर्षांत तिनं छळ होणाऱ्या ज्यू लोकांना मदत केली, आसरा दिला.

युद्धाच्या शेवटच्या दिवसांत तिचा स्टुडिओ नष्ट झाला आणि तिच्या कामाची बहुतेक सगळी कागदपत्रंही गेली. म्हणून आज इंटरनेटवर शोधलंत तर गिंडलरविषयी फार हाती लागत नाही. तिचं काम उरलं ते माणसांमधून. शार्लट सेल्व्हर ही तिची ज्यू विद्यार्थिनी १९३८ मध्ये अमेरिकेला गेली आणि तिथे हे काम ‘सेन्सरी अवेअरनेस’ या नावानं शिकवू लागली. मानसशास्त्रज्ञ एरिख फ्रॉम तिच्याकडे शिकले. १९६३ पासून कॅलिफोर्नियातल्या एसालेन संस्थेत तिचे वर्ग सुरू झाले. आज ‘बॉडी स्कॅन’सारखे जे प्रकार मोबाइल अ‍ॅपवर सहज भेटतात, त्यांची एक मुळी त्या बर्लिनच्या खोलीपर्यंत पोचते.

इंजिनिअरचा गुडघा

तिसरा माणूस मोशे फेल्डेनक्राइस. जन्म १९०४, आजच्या युक्रेनमधला. पोरवयातच घर सोडून पॅलेस्टाइनला गेला, बांधकामावर मजुरी केली. फुटबॉल खेळताना गुडघा जायबंदी झाला. पुढे पॅरिसला जाऊन इंजिनिअरिंग आणि भौतिकशास्त्र शिकला, जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. १९३३ मध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांची भेट झाली आणि फ्रान्समध्ये ज्युदो रुजवणाऱ्यांत तो पुढे राहिला. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा निसटून ब्रिटनला पोचला आणि पाणबुड्यांचा माग काढण्याच्या नौदलाच्या संशोधनात लागला. बोटींच्या ओल्या, निसरड्या डेकवर जुना गुडघा पुन्हा बिघडला. शस्त्रक्रिया यशस्वी होईलच अशी शाश्वती नव्हती. त्यानं ती नाकारली आणि आपण चालतो तरी कसे, हे इंजिनिअरच्या नजरेनं तपासायला बसला. यातून १९४९ मध्ये ‘बॉडी अँड मॅच्युअर बिहेवियर’ हे पुस्तक आलं. झुरिकमध्ये तो हाइनरिख याकोबी यांच्याकडेही शिकला, आणि हे याकोबी म्हणजे गिंडलरचे जुने सहकारी. बघा, धागे कसे जुळतात.

त्याचा मुद्दा असा. तुम्ही वीस लिटरचा पाण्याचा जार उचललाय आणि कोणी त्यावर एक नाणं ठेवलं, तर कळणार नाही. हातात कागद असेल आणि त्यावर नाणं ठेवलं, तर लगेच कळेल. जोर जितका जास्त, तितका बारीक फरक कमी जाणवतो. आणि फरकच जाणवला नाही तर मेंदू शिकणार कशातून? म्हणून त्याच्या वर्गात लोक जमिनीवर पडून अगदी छोट्या, सावकाश हालचाली करतात. शिक्षक करून दाखवत नाही, फक्त शब्दांनी सांगतो. नक्कल करायला समोर कोणी नसतं, त्यामुळे आत बघावंच लागतं. इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन त्याचे विद्यार्थी होते. १९५७ मध्ये, सत्तरीत, समुद्रकिनारी शीर्षासन करतानाचा त्यांचा फोटो गाजला, त्यामागे फेल्डेनक्राइसच होता.

पण खरंच फरक पडतो का?

हे विचारायलाच हवं. या क्षेत्रात मोठमोठे दावे भरपूर झाले, पुरावे त्या मानानं कमी. पण काही चांगले अभ्यास आहेत. इंग्लंडमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ५७९ रुग्णांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे चार आठवड्यांतले साधारण २१ दिवस दुखण्याचे होते. अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांचे, वर्षभरानंतर मोजले तेव्हा, साधारण ३. त्याच अभ्यासात मसाज घेणाराही एक गट होता. रोजच्या हालचालींतल्या अडचणी मसाजनं तीन महिन्यांनी कमी झालेल्या दिसल्या, पण वर्षभरानं तो फायदा उरला नव्हता.

मला यातला हा शेवटचा फरक जास्त बोलका वाटतो. मसाज कोणीतरी आपल्याला करून देतं, धडा मात्र आपण शिकतो. तिघेही हेच म्हणत होते. अलेक्झांडरनं तर स्वतःला शिक्षकच मानलं. अर्थात, कंबरदुखीत उपयोग झाला म्हणून प्रत्येक आजारात होईल, असं नाही. हात-पाय बधिर होत असतील, दुखणं वाढत असेल, तर आधी डॉक्टर.

मन आणि शरीराचा संबंध म्हटलं की आपल्याला काहीतरी गूढ, धूप-दीपवालं आठवतं. या तिघांच्या गोष्टीत गूढ काही नाही. आरसा आहे, प्रश्न आहे, आणि कमी केलेला जोर आहे. शरीर आपलं ऐकत नाही अशी आपली तक्रार असते. त्यांनी ती उलटी करून पाहिली : आपण शरीराचं ऐकतो का?

तेव्हा पुढच्या वेळी घरातलं कोणी म्हणालं, “सरळ बस,” तर झटकन ताठ होऊ नका. एक क्षण थांबा. बूड खुर्चीवर कुठे टेकलंय, जबडा आवळलाय का, श्वास धरलाय का, एवढंच बघा. मग जे आपोआप बदलेल ते बदलू द्या. आणि घरातल्या छोट्यांना सांगायची वेळ तुमच्यावर आली, तर हुकुमाऐवजी गिंडलरचा प्रश्न विचारून बघा : काय जाणवतंय रे?

आणि हो, सुरुवातीला तुमची मान कुठे होती, ते आठवतंय? आता कुठे आहे? भेटू पुढच्या भागात!