चौकोनाचा कर्ण कोणी काढला?

भिवपुरी रोड स्टेशनात उतरून पश्चिमेला पाहिलं की माथेरानचा डोंगर आणि त्याची गार्बेटची सोंड दिसते. हाच डोंगर संगणकाच्या पडद्यावर आणा आणि त्यावरचा हिरवा रंग काढून टाका. खाली उरते ती जाळी : बिंदू, ते जोडणाऱ्या रेषा आणि रेषांनी वेढलेले बहुभुज. खेळातला राक्षस असो की सिनेमातला वाडा, आत बहुतेक वेळा अशीच जाळी असते. काढणारा बरेचदा चौकोन काढतो, पण पडद्यावर येताना त्यांचे त्रिकोण होतात. असं का? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, गणिताचे नव्हे. म्हणून उत्तर इतिहासात शोधू.

सुरुवात घरातून करू. सारवलेल्या, थोड्या उंचसखल जमिनीवर चौरंग डुगडुगतो, तिवई डुगडुगत नाही. तीन टोकांतून सपाट पातळी नेहमीच जाते. चौथं टोक त्या पातळीत असेलच असं नाही. दुसरं उदाहरण घ्या. चार काठ्या टोकांशी बांधून चौकट केली तर ती कलते, तीन काठ्यांची कलत नाही. म्हणून तर सुतार चौकटीला तिरकी पट्टी मारतो.

ही गोष्ट भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त फार कडक शब्दांत मांडली आहे. चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच! का? समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबले की एक कर्ण आखडतो, दुसरा लांबतो. बाजू त्याच राहतात, क्षेत्रफळ मात्र बदलतं. म्हणजे एक कर्ण किंवा एक लंब सांगितल्याशिवाय चौकोन ठरतच नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापला. तिथला शिलालेख आजही त्याची साक्ष देतो.

त्रिकोण ठरलेला असतो, या एका गुणावर पुढे अख्खा देश मोजला गेला. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजली. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होते. असं त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे आला आणि १८२३ साली आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला वारला. काम पुढच्यांनी हिमालयापर्यंत नेलं.

संगणकाने तोच रस्ता धरला. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आंरी गूरोने १९७१ साली आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेषा आखून त्याचे बहुभुज केले, आणि कोपऱ्यांवरचा उजेड मधल्या भागात हळूहळू मिसळून ते खडबडीत पैलू गुळगुळीत दाखवले. पुढच्याच वर्षी आयव्हन सदरलँडच्या विद्यार्थ्यांनी एका फोक्सवॅगन मोटारीवर रेषा आखून तिचे कोपरे मोजपट्टीने मोजले. बघा, सर्वेक्षणच ते! १९९४ साली जपानात आलेल्या दोन खेळयंत्रांपैकी सेगा सॅटर्न चौकोन रंगवत असे, प्लेस्टेशन त्रिकोण. पुढे साऱ्या यंत्रांत त्रिकोणच टिकला.

आजही मूर्ती घडवणारा कलाकार चौकोन पसंत करतो. चौकोनांच्या रांगा सरळ जातात, हव्या तिथे बारीक करता येतात. पण यंत्राकडे गेल्यावर प्रत्येक चौकोनात एक कर्ण ओढला जातो. कोणता? बरेचदा ते आपल्याला कळतही नाही. चौकोन सपाट असेल तर फरक पडत नाही. पण डोंगर सपाट नसतो.

समजा, चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे १०० मीटर उंचीवर आहेत, उरलेले दोन ८० मीटरवर. शंभरवाले कोपरे जोडले तर मध्यभाग १०० मीटरवर येतो : ही झाली धार. ऐंशीवाले जोडले तर मध्य ८० मीटरवर : ही झाली घळ. मोजमापं तीच, एकही आकडा खोटा नाही. पण एका चित्रात पाणी दोन्ही बाजूंना वाहून जातं, दुसऱ्यात मधोमध गोळा होतं.

हा खेळ नव्हे. १९ जुलै २०२३च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. त्याचा दोष कुठल्या जाळीला द्यावा असं आमचं म्हणणं नाही. दरडीला माती, खडक, पाऊस अशी अनेक कारणं असतात. पण डोंगरउताराचा अभ्यास आता अशा नमुन्यांवरही होतो. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांत पृथ्वीचा मोठा भाग मोजला. त्या उंचीच्या बिंदूंमध्ये साधारण ३० मीटरचं अंतर आहे. आपल्याकडची एखादी छोटी वाडी अशा किती चौकोनांत बसेल? आणि जी घळ तिथल्या माणसाला पायाखालची म्हणून माहीत आहे, ती दोन बिंदूंच्या मधेच राहून गेली तर?

नमुना खोटा असतो असं नाही. तो काही बिंदूंवर खरा असतो आणि मधल्या जागेत अंदाज करतो. गूरोच्या युक्तीने तो अंदाज इतका गुळगुळीत दिसतो की आपण त्यालाच डोंगर समजतो. तेव्हा उद्या कुणी पडद्यावर आपल्या डोंगराचं सुंदर चित्र दाखवलं, तर जरूर पाहावं आणि दोन प्रश्न विचारावेत : बिंदू किती अंतरावर घेतलेत, आणि मधला कर्ण कोणी काढला? पहिल्याचं उत्तर यंत्र देईल. दुसऱ्यासाठी पावसाळ्यात डोंगर चढून यावं लागेल, वाडीतल्या माणसाला सोबत घेऊन.

इथेच थांबू.